पानांची आवक-जावक

बंगळुरूत यशवंतपूरच्या एपीएमसी यार्डात पहाटे कांद्याच्या गाड्या लागतात. त्यातल्या बऱ्याचशा एमएच पासिंगच्या असतात. २००४ साली नोकरीसाठी इथे आलो तेव्हा यार्डामागच्या गल्लीत खोली घेतली होती. रात्रभर मशिनसमोर बसून पहाटे परत यायचो तेव्हा हमाल पोती उतरवत असायचे. हातात कॉफीचा ग्लास घेऊन मी ते बघत उभा राहायचो, कारण मला त्यात घर दिसायचं. माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. आवक-जावकेची वही त्यांच्याकडे असायची. वहीतला आकडा आणि गोदामातली पोती जुळल्याशिवाय बाबा घरी येत नसत. पोतं कमी भरलं तर शोधत बसायचे, पण एखादं जास्त भरलं की त्यांचा चेहराच उतरायचा. "कमी पडलेलं आपलं असतं रे, जास्त आलेलं दुसऱ्याचं असतं," असं म्हणायचे.

गेली वीस वर्षं मी लिनक्स कर्नेलमधले स्टोरेज ड्रायव्हर लिहितो आणि दुरुस्त करतो. मेमरीतला मजकूर डिस्कवर नेणारा आणि डिस्कवरचा मेमरीत आणणारा जो कोड असतो, तो माझा प्रांत. या कामात जे शिकलो त्यातलं बरंचसं बाबांच्या त्या वाक्यात होतं. नव्याने रुजू होणाऱ्या मुलांना तोंडी सांगत आलो, आता एकदा लिहून ठेवतो.

१. हातातलं पान आपलं नसतं.

कर्नेल सगळ्या मेमरीचे सारखे तुकडे करतं. एका तुकड्याला पेज म्हणतात, मी इथे पान म्हणेन. आपल्या नेहमीच्या पीसीवर हे पान ४०९६ बाइटांचं असतं. कल्पना जुनी आहे, मँचेस्टरच्या १९६२ सालच्या ॲटलस संगणकात ती होती. १६ जीबी मेमरीत अशी ४१ लाख ९४ हजार ३०४ पानं बसतात आणि प्रत्येक पानामागे कर्नेल साधारण ६४ बाइटांची एक नोंद ठेवतं. म्हणजे नुसत्या वहीलाच २५६ एमबी लागतात. पान कोणत्या फाइलचं आहे, त्यात बदल झालाय का, ते या क्षणी डिस्कवर जातंय का, हे सगळं त्या नोंदीत असतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ते किती जणांनी धरून ठेवलंय.

पान धरलं की तो आकडा एकाने वाढतो, सोडलं की एकाने उतरतो. शून्य झाला की पान मोकळं, पुढच्या मागणाऱ्याला मिळणार. ड्रायव्हरच्या हाती येणारं पान कधी एखाद्या फाइलचं असतं, कधी कुठल्या तरी प्रोग्रामच्या बफरचं. ड्रायव्हर ते फक्त वाहून नेतो. सोडायला विसरलात तर पान अडकून पडतं, मेमरी हळूहळू आटते आणि आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी तक्रार करतं. वाईटच, पण त्यात कुणाचा मजकूर जात नाही. एकदा जास्त सोडलंत तर मात्र दुसरा कुणी ते वापरत असतानाच कर्नेल ते पान तिसऱ्याला देऊन टाकतं. बाबांचा चेहरा का उतरायचा, ते मला इथे कळलं.

लॉगमध्ये 'बॅड पेज स्टेट' अशी ओळ दिसली की मी आधी एरर हाताळणारा कोड वाचतो. सगळं नीट चालतं तो रस्ता प्रत्येकाने तपासलेला असतो. चौदा पानं धरायची होती, नऊ मिळाली, दहावं मिळालं नाही. आता किती परत सोडायची? नऊ. आणि कोडमध्ये बघावं तर कुणीतरी चौदा सोडलेली असतात.

२. नुकसान झालं की आधी ते मोजा.

बरीच वर्षं झाली या गोष्टीला. एका ग्राहकाच्या डेटाबेसमधला इंडेक्स अधूनमधून बिघडायला लागला. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. डेटाबेसवाले म्हणाले डिस्क खराब आहे, डिस्कवाले म्हणाले केबल बघा, केबल बदलून झाल्यावर सगळे आमच्या ड्रायव्हरकडे वळले. मी बिघडलेला ब्लॉक मागवला, हेक्समध्ये छापला आणि कागद टेबलावर पसरले. ब्लॉक ८१९२ बाइटांचा होता. पहिले ४०९६ बाइट अगदी शुद्ध. त्याच्या पुढच्याच बाइटापासून भलताच मजकूर, पत्त्यांच्या कुठल्या तरी टेबलातल्या ओळी, पिनकोड, गावांची नावं, थेट ब्लॉकच्या शेवटापर्यंत. मध्ये एक बाइट इकडचा तिकडे नाही.

नुकसानीचा आकारच अर्धं उत्तर देतो. ५१२ बाइट गेले असतील तर तो सेक्टर आहे, डिस्ककडे बघा. ६४ बाइट गेले तर बहुतेक कॅशे लाइन आहे, डीएमए (कार्डाने थेट मेमरीत केलेली ने-आण) आणि प्रोसेसरचा कॅशे यांचा मेळ बसलेला नाही. एकच बिट उलटला असेल तर रॅमची पट्टी तपासा. नेमके ४०९६ बाइट, तेही पानाच्या सीमेपासून सुरू होणारे, म्हणजे पानाचा मालक चुकला. हा तक्ता मी तेव्हा कागदावर लिहिला, तो अजून माझ्या जागेवर भिंतीला आहे.

आमच्या टीममध्ये एक ज्येष्ठ सहकारी होते, बेळगावचे. त्यांनी कागदांकडे दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "पान सोडलंस ते कार्डाला विचारून सोडलंस काय?"

विचारलं नव्हतं. झालं होतं ते असं. एका डिस्कवर एक खराब जागा होती. वाचनाचा हुकूम डिस्क चालवणाऱ्या कार्डाकडे गेला आणि कार्ड त्या जागेशी झगडत बसलं. लिनक्सच्या स्कझी थरात डिस्कच्या अशा हुकमाला एरवी ३० सेकंदांची मुदत असते. ती संपली. कर्नेलने आमच्या ड्रायव्हरला हुकूम रद्द करायला सांगितलं. ड्रायव्हरने रद्द करण्याचा निरोप कार्डाकडे टाकला आणि उत्तराची वाट न बघता वर कळवलं, झालं. कर्नेलने तोच हुकूम पुन्हा दिला, या खेपेला जोडीच्या दुसऱ्या डिस्कवरून मजकूर आला आणि प्रोग्रामचं काम झालं. पान मोकळं झालं. ते इंडेक्सच्या वाट्याला गेलं. आणि त्यानंतर कधीतरी कार्डाला पहिल्या डिस्कवरून उत्तर मिळालं. जुना पत्ता त्याच्याकडे होताच. त्याने मजकूर तिथे नेऊन ठेवला. पान तोवर दुसऱ्याचं झालेलं होतं.

या सगळ्याची लॉगमध्ये एकच ओळ होती, मुदत संपल्याची. त्या ओळीपुढे 'पुन्हा प्रयत्न यशस्वी' असल्यामुळे ती कुणी वाचलीच नव्हती. शोधायला आम्हाला अकरा दिवस लागले. दुरुस्ती मात्र छोटी होती. कार्ड स्वतः 'रद्द केलं' म्हणेपर्यंत थांबायचं. ते बोलतच नसेल तर कार्ड रीसेट करायचं आणि मगच पानं सोडायची.

सांगलीशेजारी हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. पेव उघडलं म्हणून कुणी लगेच आत उतरत नसे. आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत बाहेर थांबायचं, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. मुदत संपली म्हणजे काम संपलं असं नाही, हे मला त्या पेवांवरून जास्त चांगलं समजावता येतं.

आता बऱ्याच सर्व्हरवर आयओएमएमयू असतो. मॅपिंग काढलेल्या पानावर कार्डाने लिहायचा प्रयत्न केला तर तो अडवतो. पण त्याचा 'लेझी' प्रकार चालू असेल तर मॅपिंग काढल्यावरही थोडा वेळ दार उघडंच राहतं. वेग थोडा कमी झालेला सोसत असेल तर 'स्ट्रिक्ट' ठेवा. आणि तो आहे म्हणून ड्रायव्हरमधलं थांबणं गाळू नका.

३. माल बाहेर काढायची गाडी आधीच राखून ठेवा.

मेमरी भरली की कर्नेल काय करतं? बदललेली पानं डिस्कवर लिहून टाकतं आणि मोकळी करतं. लिहितं कुणामार्फत? आपल्या ड्रायव्हरमार्फत. आणि ड्रायव्हरने नेमकं त्याच वेळी स्वतःच्या कामासाठी थोडी मेमरी मागितली तर? कर्नेल म्हणणार, थांब, आधी पानं मोकळी करतो. मोकळी करायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर मेमरीची वाट बघत उभा. गोदाम गच्च भरलंय, माल काढायला हातगाडी हवी, आणि हातगाडी ठेवायची जागा गोदामाच्या आत. मशिन पडत नाही, पॅनिक होत नाही. नुसतं गोठतं. पिंगला उत्तर देतं आणि बाकी काही करत नाही.

अशा गोठलेल्या मशिनचा डम्प मी पहिल्यांदा उघडला तेव्हा साठ-सत्तर थ्रेड एकाच जागी उभे होते आणि त्यांच्या शेवटी आमचा एक थ्रेड होता, अवघे ३२ बाइट मागणारा. ३२ बाइटांसाठी अख्खा सर्व्हर.

उपाय कर्नेलमध्ये केव्हापासूनच आहे. मेमरी मागतानाच सांगायचं की ती मिळवण्यासाठी डिस्कचं काम सुरू करू नकोस. त्यासाठी जीएफपी-नोआयओ हा झेंडा असतो. आणि मेमपूल नावाची राखीव शिल्लक आधीच बाजूला काढायची. इंगो मोलनार यांनी २००१ मध्ये ती लिहिली. अडीनडीला निदान एक हुकूम पुढे सरकेल एवढी शिल्लक हवी. एक सरकला की तो आपली मेमरी परत करतो आणि दुसरा सरकतो. शिल्लक मोठी असण्याची गरज नाही, ती दुसऱ्या कशाला वापरायची नाही एवढंच. वर्कक्यू वापरत असाल तर तिलाही 'मेम-रिक्लेम'चा झेंडा लावा. हे आम्ही एकदा विसरलो होतो आणि तेच गोठणं पुन्हा दुसऱ्या दाराने आलं.

नवीन मुलं विचारतात, हे चाचणीत का सापडत नाही? चाचणीचं मशिन मोकळं असतं म्हणून. ६४ जीबीच्या मशिनवर ड्रायव्हर तपासू नका. मेमरी मुद्दाम १ जीबीपर्यंत कमी करून बूट करा, मोठी फाइल लिहायला लावा आणि रात्रभर सोडून द्या.

४. फोर्क आणि डायरेक्ट आयओ एकत्र आले की सावध.

काही डेटाबेस आपली पानं कर्नेलच्या साठ्यातून न नेता थेट डिस्कशी जोडतात, त्याला डायरेक्ट आयओ म्हणतात. वाचन चालू असतानाच त्या प्रोग्रामने फोर्क करून दुसरी प्रोसेस काढली, तर दोघांमध्ये तेच पान सामायिक होतं. जुन्या कर्नेलांवर, मूळ प्रोसेसने त्या पानाला हात लावला की कर्नेल तिला नवी प्रत देतं. डिस्कवरचा मजकूर मात्र जुन्या पानात येतो, म्हणजे आता ते पान ज्याच्याकडे उरलंय त्याच्याकडे. वाचलं एकाने आणि मिळालं दुसऱ्याला. ओपनच्या मॅन्युअल पानात याचा स्पष्ट इशारा आहे. मी तो वाचला होता, पण अर्थ कळला तो हाताने तसा प्रसंग घडवून बघितल्यावर. चाळीस ओळींचा सी प्रोग्राम पुरतो.

पान धरणं आणि पान खिळवणं यात फरक आहे, तो कर्नेलने अधिकृतपणे मानला २०२० मध्ये. ५.६ या आवृत्तीत जॉन हबर्ड यांनी 'पिन युजर पेजेस' आणलं. मला पानाच्या नोंदीशी काम असेल तर धरायचं. उपकरण पानातल्या मजकुराला हात लावणार असेल तर खिळवायचं. नवा कोड लिहिताना जुन्या ड्रायव्हरमधून 'गेट युजर पेजेस' उचलून चिकटवू नका.

५. डिस्कवर जात असलेल्या पानात बदल होऊ देऊ नका. कार्ड मजकुराचा चेकसम काढतं, तेवढ्यात प्रोग्राम त्याच पानावर लिहितो, आणि डिस्क म्हणते चेकसम जुळत नाही. हार्डवेअर बदलून काही होत नाही, कारण हार्डवेअर खरंच बोलत असतं. २०११ मध्ये यासाठी 'स्टेबल पेजेस' आली. लिहिणाऱ्याला थांबावं लागतं म्हणून वेग पडला, तेव्हा २०१३ मध्ये गरज असेल त्याच उपकरणापुरती ती ठेवली. तुमच्या उपकरणाला गरज असेल तर ड्रायव्हरने तसं सांगायला हवं. कर्नेलला ते आपोआप कळत नाही.

६. चूक झाली हे ज्याला कळायला हवं त्याच्यापर्यंत पोचवा.

ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा. प्रोग्रामने फाइलवर लिहिलं म्हणजे ते डिस्कवर गेलं असं नसतं. ते पानात जातं. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत बदललेलं पान ३० सेकंद जुनं झालं की ते लिहायच्या रांगेत येतं. कर्नेल दर ५ सेकंदांनी उठून बघतं. वीज मधेच गेली तर तेवढं गेलं. सांगलीत माझ्या मामेभावाच्या दुकानात दुपारी लाइट गेली की नुकतीच केलेली बिलं गायब व्हायची, आणि तो म्हणायचा, "दादा, मी सेव्ह केलं होतं की." त्याने केलं होतं. त्याच्या प्रोग्रामने एफसिंक केलं नव्हतं. एफसिंक म्हणजे, डिस्कवर पोचल्याशिवाय मला परत पाठवू नकोस.

आणि एफसिंकनेच एरर दिली तर? बरेच जण पुन्हा एफसिंक करतात, आणि दुसऱ्यांदा ते 'ठीक' म्हणतं. तो ठीक खोटा असतो. लिहिणं फसलं तेव्हा एरर एकदा कळवली गेली आणि पानावरची 'बदललेलं' ही खूण निघून गेली. दुसऱ्या खेपेला लिहायला काही उरलंच नाही, म्हणून ठीक. पोस्टग्रेसक्यूएलच्या लोकांना हे २०१८ मध्ये लक्षात आलं, तोवर तो डेटाबेस जगभर वर्षानुवर्षं दुसऱ्या एफसिंकवर विश्वास ठेवत होता. फेब्रुवारी २०१९च्या आवृत्त्यांपासून त्यांनी ठरवलं की एफसिंक फसलं की डेटाबेसने तिथेच थांबायचं आणि आपल्या लॉगमधून पुन्हा उभं राहायचं. मला तो निर्णय पूर्ण पटतो. वर्तमानपत्रात ही बातमी यायला हवी होती, असं मला अजून वाटतं. कितीतरी बँकांचे, दवाखान्यांचे हिशेब अशा पानांवर उभे असतात.

ड्रायव्हरच्या बाजूनेही एक पथ्य आहे. डिस्कने एरर दिली तर ती गिळू नका आणि तिचं नाव बदलू नका. जागा संपली, मजकूर वाचता येत नाही, उपकरण निघून गेलं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींना एकच सरसकट आकडा देणारा ड्रायव्हर मी स्वतः लिहिला होता, सुरुवातीच्या वर्षी. तो दुरुस्त केल्यावर आमचे निम्मे सपोर्ट कॉल पहिल्याच दिवशी सुटायला लागले.

७. ४०९६ हा आकडा कोडमध्ये हाताने लिहू नका. पॉवर मशिनवर पान ६४ किलोबाइटांचं असू शकतं, ॲपलच्या नव्या मॅकवर १६, रास्पबेरी पाय ५च्या ६४ बिट प्रणालीतही १६. अँड्रॉइडनेही १५व्या आवृत्तीपासून १६ किलोबाइटांच्या पानांची सोय केली आहे. एनव्हीएमई डिस्कला तर पत्ते सहसा पानांच्या यादीनेच दिले जातात, आणि त्या यादीतलं पान म्हणजे कंट्रोलरचं पान, प्रोसेसरचं नव्हे. दोन्ही ४०९६ असतात तोवर ही चूक झोपलेली असते. आमची चूक पॉवरच्या मशिनवर जागी झाली. बूटच होईना.

मॅथ्यू विल्कॉक्स यांनी आणलेले फोलिओ जानेवारी २०२२च्या ५.१६मध्ये आले. अनेक पानांचा एक गठ्ठा करून त्यालाच एक एकक मानायचं, ही ती कल्पना. त्यावर उभं राहून २०२४च्या ६.१२मध्ये एक्सएफएस या फाइलसिस्टिमला पानापेक्षा मोठा ब्लॉक घेता आला. तेव्हा 'एक ब्लॉक म्हणजे फार तर एक पान' हे गृहीतही आता सोडा.

८. मरणोत्तर तपासणीची सोय आधी करा, आणि ती सोय काही अंशी आपल्याच बंगळुरूत घडली हे माहीत असू द्या.

कर्नेल कोसळलं की त्याची मेमरी जशीच्या तशी वाचून ठेवायची असते, त्याला क्रॅश डम्प म्हणतात. पण वाचून डिस्कवर लिहिणार कोण? जे कोसळलं तेच कर्नेल लिहायला बसलं तर त्याच्याच बिघडलेल्या ड्रायव्हरमधून डिस्कवर काहीही जाईल, कदाचित चांगल्या फायलींवरही. यावर उत्तर निघालं केडम्प. २००५ मध्ये २.६.१३ या आवृत्तीत ते आलं. त्यावरचा निबंध त्याच वर्षी ओटावाच्या लिनक्स संमेलनात विवेक गोयल, एरिक बीडरमन आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ यांच्या नावाने मांडला गेला. गोयल आणि हरिप्रसाद हे आयबीएमच्या बंगळुरूतल्या लिनक्स टेक्नॉलॉजी सेंटरचे. त्याच सेंटरमधल्या बलबीर सिंग यांनी पुढे मेमरी कंट्रोलरवर काम केलं, तो २००८च्या २.६.२५मध्ये आला, आणि आज लिनक्सवरच्या कंटेनरांची मेमरी सहसा त्याच यंत्रणेने मोजली जाते.

केडम्पची युक्ती पानांची आहे, म्हणून इथे सांगतो. बूट होतानाच मेमरीचा एक पट्टा बाजूला काढायचा आणि त्यात एक लहानसं दुसरं कर्नेल आणून ठेवायचं. मुख्य कर्नेल पडलं की बीडरमन यांच्या केएक्झेकने थेट त्या दुसऱ्यात उडी घ्यायची. पट्टा वेगळाच का हवा? कारण कर्नेल मेलं तरी नेटवर्क कार्डाला, डिस्क कार्डाला ते कळलेलं नसतं. आधी दिलेल्या हुकमांप्रमाणे ती जुन्या पानांवर लिहीतच राहतात. राखीव पट्टा त्यांच्या हुकमांत कधी नव्हताच, म्हणून तो स्वच्छ राहतो. माझ्या अकरा दिवसांच्या प्रकरणात जे नडलं होतं, तेच ओळखून केलेली ही मांडणी आहे. ती समजली त्या दिवशी मी हललो होतो.

आमच्या टीममध्ये काही काळ केडम्पसाठी राखलेली मेमरी 'वाया जाते' म्हणून बंद ठेवली होती. ग्राहकाचं मशिन पडलं, डम्प नाही, पुरावा नाही, आणि पुन्हा पडायची वाट बघत आम्ही सहा आठवडे बसलो. त्या सहा आठवड्यांत ग्राहकाकडच्या माणसाचा आवाज दर फोनला बदलत गेलेला मी ऐकलाय. डम्प चालू ठेवा. नुसता चालू ठेवू नका, मुद्दाम मशिन पाडून डम्प खरोखर लिहिला जातो का ते बघा.

९. मोकळी मेमरी कमी दिसली म्हणून घाबरू नका. कर्नेल उरलेल्या मेमरीत वाचलेल्या फायली धरून ठेवतं, लागली की सोडतं. 'फ्री' नव्हे, 'अव्हेलेबल' हा रकाना बघा. दर पाच मिनिटांनी हा साठा रिकामा करणारी स्क्रिप्ट कुठे सापडली तर ती काढून टाका, साठा पुन्हा भरत जाईल तसं मशिन वेगाने चालायला लागेल.

१०. वाचा, पण वही उघडी ठेवून वाचा.

मेल गॉर्मन यांचं लिनक्सच्या व्हर्च्युअल मेमरीवरचं पुस्तक २००४चं. मी ते राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये वाचून काढलं, यशवंतपूरहून मिरजेला जाता-येता, चार-पाच फेऱ्यांत. त्यातली कितीतरी फंक्शनं आता कर्नेलमध्ये राहिलेली नाहीत. तरी पुस्तक जुनं झालं असं मी म्हणणार नाही, कारण पान कुणाचं, किती जणांनी धरलंय आणि कोण सोडणार, हे तीन प्रश्न त्यात जसे आहेत तसेच आज आहेत. एका कागदावर तीन रकाने आखा: कोणी धरलं, उपकरणाला कधी दिलं, कोणी सोडलं. आपल्या ड्रायव्हरमधला प्रत्येक रस्ता त्यात भरा, एररचे रस्ते आधी. एखाद्या ओळीत तिसरा रकाना रिकामा राहिला किंवा दोनदा भरला गेला, तर बग सापडला. बाबांना मी एकदा असा भरलेला कागद दाखवला होता. त्यांनी चष्मा लावून रकाने पाहिले, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही जावक दोनदा लागलीय." खरंच लागली होती.

सांगली, इचलकरंजी, कोल्हापूर, बेळगावकडची मुलं दर वर्षी यशवंतपूर स्टेशनवर उतरतात. त्यांच्यातल्या ज्यांना हे काम आवडेल त्यांना एवढीच विनंती. एखादा जुना लॅपटॉप घ्या, त्यावर क्यूएमयूमध्ये स्वतः बांधलेलं कर्नेल चालवा. बांधताना डीएमए-एपीआय डीबग, केएसॅन, लॉकडेप आणि पेज ओनर हे चारही पर्याय चालू करा. मशिन रखडेल, रखडू द्या. मग व्हर्च्युअल डिस्कवर एक मुदत मुद्दाम संपवा, एक एरर मुद्दाम घाला, आणि लॉगमधली प्रत्येक ओळ वाचा. 'पुन्हा प्रयत्न यशस्वी'च्या मागची ओळसुद्धा.